पहिलं उत्तर बरोबर, तिसरं चूक: कॅल्क्युलेटरच्या स्टॅकवर एकाच आकड्याची गणितं ओळीनं कशी काढावीत

भाचा सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. परवा फील्डबुक घेऊन आला. जमिनीच्या पातळ्या मोजण्याचं, म्हणजे लेव्हलिंगचं काम: एकेका एचआयवर (उपकरणाच्या दृष्टिरेषेची उंची) वीस-वीस स्टाफ रीडिंग (उभ्या मोजपट्टीवर वाचलेले आकडे). फोनवर आरपीएन (आधी आकडे, मग क्रियेची कळ अशा रीतीचा) कॅल्क्युलेटर उघडून त्यानं पहिली वजाबाकी केली, वहीतल्या उत्तराशी ताडून पाहिली आणि म्हणाला, "मामा, बरोबर आलंय की!"

पहिलं बरोबरच येतं. स्टॅकमध्ये, म्हणजे यंत्रातल्या आकड्यांच्या चळतीत, आकडा अर्धवट भरला तरी पहिलं उत्तर चोख येतं. कधी दुसरंही येतं. तिसऱ्यापासून घसरायला लागतं, आणि तोवर आपण बघायचं सोडून नुसतं लिहायला लागलेलो असतो. गेल्या काही वर्षांत खानापूरकडच्या साइटवर, बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये आणि घरी जमिनीचे उतारे जुळवताना मी हीच एक चूक निरनिराळ्या वेशांत पाहिली. म्हणून एकच आकडा स्टॅकमध्ये एकदाच भरून त्यावर ओळीनं गणितं काढायची रीत पायरीपायरीनं लिहितो आहे.

## १. आधी यंत्र ओळखा

तुमच्या कॅल्क्युलेटरवर "=" असेल तर तो नेहमीचा. कॅसिओचे बहुतेक सगळे असेच असतात, त्यांच्यासाठी शेवटचा भाग वाचा. "=" नसेल आणि जाडजूड एंटरची कळ असेल तर तो आरपीएन. एचपी १२सी हा त्यातला आजही मिळणारा. फोनवर फ्री४२ नावाचं मोफत ॲप आहे, तेही चालतं. परीक्षेच्या हॉलमध्ये फोन चालत नाही, हे डिप्लोमा आणि व्हीटीयूच्या (इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाच्या) पोरांनी धरूनच चालावं.

आरपीएनमध्ये आकड्यांची चळत असते, तिलाच स्टॅक म्हणायचं. चार मजले समजा. तळमजला एक्स, त्यावर वाय, मग झेड, सगळ्यात वर टी. स्क्रीनवर दिसतो तो एक्स. फोनवर कधी वायही दिसतो. वरचे दोन मजले दिसत नाहीत आणि सगळा घोळ तिथंच होतो.

तीन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवा:

एंटर दाबला की एक्समधला आकडा वर वायमध्येही जातो, बाकीचे एकेक मजला वर सरकतात, टीमधला बाहेर पडतो. एंटरनंतर टाकलेला आकडा एक्सच्या जागीच बसतो, चळत पुन्हा वर ढकलत नाही.

+, −, ×, ÷ दाबलं की वाय आणि एक्स मिळून एक उत्तर होतं. वरचे एकेक मजला खाली येतात, आणि टीमधला आकडा खाली येतो तरी टीमध्येही शिल्लक राहतो. आपल्याला हवी ती सोय हीच. टी म्हणजे न आटणारी विहीर.

उत्तर आल्यावर सरळ नवा आकडा टाकला तर ते उत्तर वायमध्ये ढकललं जातं. सीएलएक्स (एक्स पुसून शून्य करणारी कळ) दाबून मग टाकला तर ढकललं जात नाही.

तपासा: काही यंत्रांत स्टॅक चार मजल्यांचा नसून लागेल तसा वाढत जातो. तिथं टी उरत नाही, म्हणून ही रीत चालत नाही. फ्री४२मध्ये दोन्ही पर्याय आहेत. ओळखण्यासाठी स्टॅक पुसून हे दाबा:

१ एंटर २ एंटर ३ एंटर ४ + + + + +

चार मजल्यांचा असेल तर ७, ९, १०, ११, १२ असं येईल. १०च्या पुढं एकेक वाढत गेलं म्हणजे टीमधला १ खाली येतोय. १०ला अडकून यंत्रानं चूक दाखवली तर स्टॅक वाढता आहे. सेटिंगमधून चार मजल्यांचा करून घ्या, नाहीतर ॲप बदला.

## २. कागदावरची तयारी

ही पायरी सगळेच गाळतात. बोटांच्या चुका पुढं पकडता येतात, पण इथली चूक शेवटपर्यंत तशीच जाते.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना जमीन असलेली घरं आपल्याकडं कमी नाहीत. एक तुकडा बेळगाव तालुक्यात, एक चंदगडकडं, नाहीतर निपाणीच्या पलीकडं कागलात. इकडच्या उताऱ्यावर एकर-गुंठे-आणे, तिकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. वाटणीची चर्चा निघाली की कुणीतरी गुंठ्यांचे आर करायला बसतो. तेच उदाहरण घेऊ.

आधी स्थिर आकडा, म्हणजे दर ओळीला तोच लागणारा, ठरवा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. एक फूट ०.३०४८ मीटर. म्हणून एक गुंठा १०१.१७१४१ चौरस मीटर, म्हणजेच १.०११७१४१ आर. "गुंठा म्हणजे आरच की" असं बोलण्यात चालतं, कागदावर नाही.

स्थिर आकडा आखूड करू नका. पुढच्या उदाहरणात एकूण १३२.५ गुंठे आहेत. १.०१ धरलं तर १३३.८२५ आर येतात, पूर्ण आकडा धरला तर १३४.०५२. फरक सुमारे २२.७ चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ २४४ चौरस फूट. एवढ्यात दोन खोल्या बसतात. तसंही स्थिर आकडा एकदाच टाकायचा असतो, मग चार अंक जास्त टाकायला कंजुषी कशाला?

दुसरं म्हणजे बदलते आकडे एकाच मापात लिहून काढा. उताऱ्यावर १-१२ असं दिसलं की हात आपोआप १.१२ टाकतो. ते १ एकर १२ गुंठे आहेत, म्हणजे ५२ गुंठे. १.१२ एकर धरले तर ४४.८ गुंठेच होतात आणि ७.२ गुंठे हवेत विरतात. तसंच १८ गुंठे ८ आणे म्हणजे १८.८ नव्हे. गुंठ्याचे आणे १६, म्हणून १८.५. आमच्याच घरात ही दशांश टिंबाची चूक एकदा पंचांसमोर निघाली होती. चहा गार झाला, बोलणी तापली.

कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडं गुंठे: २७, ३५, १८.५, ५२. खाली बेरीज १३२.५ आत्ताच करून ठेवा, शेवटी पडताळ्याला लागेल. उजवा रकाना रिकामा.

## ३. चारही मजले भरा

आधी, बेरीजही साठवायची असेल तर तिचं खातं (यंत्रातली आकडा साठवायची जागा) कोरं करून घ्या: ० एसटीओ ० (एसटीओ म्हणजे साठवायची कळ; फ्री४२मध्ये ० एसटीओ ००). हे स्थिर आकडा भरण्याआधीच करा. नंतर केलं तर तो शून्य स्टॅकमध्ये शिरतो आणि भरलेली चळत हलते.

आता स्थिर आकडा. तो यंत्रावरच तयार करू:

३३ एंटर ०.३०४८ × एंटर × १०० ÷

स्क्रीनवर १.०११७१४१ आलं पाहिजे. चारच दशांश दिसत असले तरी आत पूर्ण आकडा असतो. १२सीवर एफ आणि ७ दाबलं की सात दशांश दिसतात.

मग: एंटर एंटर एंटर

तीनदा. दोनदा नाही, एकदा तर नाहीच. चारही मजल्यांवर आता १.०११७१४१ आहे. आधी तिथं काय पडलं होतं याची फिकीर नको, तीन एंटरनी ते सगळं बाहेर गेलं.

तपासा: आर आणि खाली बाण असलेली कळ चळत फिरवते. ती चार वेळा दाबा. चारही वेळा तोच आकडा दिसला पाहिजे. एकदा जरी दुसरं काही दिसलं तर पुन्हा भरा. तपासणीनंतर काम सुरू करताना सीएलएक्स दाबूनच पहिला आकडा टाका. नाहीतर तो आकडा चळत वर ढकलेल. या वेळी वर सगळीकडं तोच आकडा असल्यानं बिघडणार काही नाही, पण सवय एकच असावी.

एंटर कमी पडले तर काय होतं ते नीट बघा, कारण भाच्याचं तेच झालं होतं. एकच एंटर दाबला तर पहिला गुणाकार बरोबर. दुसऱ्याला वायमध्ये आपला आकडा नसतो, जुनं काहीतरी असतं. ते शून्य असलं तर उत्तर ० येतं आणि आपण सावध होतो. पण कालच्या हिशेबातलं १.२ किंवा ०.९८ तिथं उरलं असेल तर उत्तर दिसायला अगदी पटण्यासारखं येतं. दोन एंटर दाबले तर पहिली दोन उत्तरं बरोबर आणि तिसऱ्यापासून चूक. म्हणून पहिल्या उत्तरावर विसंबू नका. निदान तिसऱ्या उत्तरापर्यंत हातानं ताडा.

## ४. आकडे ओळीनं चालवा

सीएलएक्स २७ × → २७.३१६३
सीएलएक्स ३५ × → ३५.४१००
सीएलएक्स १८.५ × → १८.७१६७
सीएलएक्स ५२ × → ५२.६०९१

ताल असा: पुसा, आकडा, गुणिले, लिहा. लिहिण्याआधी सीएलएक्स दाबायचं नाही. फोनवर सीएलएक्सचं काम मागे खोडण्याची बाणाची कळ करते. आकडा टाकत असताना ती शेवटचा एकच अंक खोडते, पण उत्तर आल्यावर दाबली की पूर्ण उत्तर पुसते. हा फरक माहीत नसेल तर माणूस बावचळतो.

या टप्प्यावरच्या दोन चुका रोजच्या आहेत.

पहिली, सीएलएक्स विसरणे. २७.३१६३ समोर असताना तुम्ही ३५ × दाबलं तर ३५ गुणिले २७.३१६३ होऊन ९५६च्या आसपास काहीतरी येतं. घाबरू नका. या चुकीनं स्थिर आकडा मात्र शाबूत राहतो, टीमधून पुन्हा खाली भरला जातो. सीएलएक्स दाबा आणि तोच ३५ पुन्हा टाका. सगळं पुन्हा भरायची गरज नाही.

दुसरी, "="ची सवय. आकडा टाकून हात एंटरकडं जातो. ३५ एंटर × केलंत तर ३५चा वर्ग होऊन १२२५ येतं. इथंही स्थिर आकडा टिकतो. सीएलएक्स, पुन्हा ३५ ×.

बेरीज साठवायची असेल तर प्रत्येक गुणाकारानंतर, पुसण्याआधी: एसटीओ + ०. यानं स्टॅकला धक्का लागत नाही. १२सीवर असं जमा करणं ० ते ४ या खात्यांतच चालतं, म्हणून ०च वापरा. फ्री४२वर एसटीओ + ००.

शेवटी आरसीएल ०, म्हणजे साठवलेलं परत बोलवा. आलं पाहिजे १३४.०५२१. आता कागदावरची गुंठ्यांची बेरीज काढा: १३२.५ गुणिले १.०११७१४१ म्हणजेही १३४.०५२१. दोन्ही जुळलं तर मधली चारही उत्तरं बहुतेक बरोबर आहेत. नाही जुळलं तर फरकाचा आकडा बघा. तो एखाद्या ओळीच्या उत्तराएवढाच असेल तर ती ओळ दोनदा जमा झाली असेल किंवा राहिली असेल.

## ५. वजाबाकी आणि चेंज पॉइंटचा सापळा

लेव्हलिंगच्या एचआय पद्धतीत आरएल (बिंदूची पातळी) म्हणजे एचआय वजा स्टाफ रीडिंग. आरपीएनची वजाबाकी वाय वजा एक्स अशी असते. स्थिर एचआय वायमध्ये आणि रीडिंग एक्समध्ये, म्हणजे क्रम आपोआप बरोबर बसतो. सिव्हिलच्या पोरांसाठी या रीतीचा सगळ्यात मोठा फायदा इथंच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

बेंचमार्क (पातळी आधीच माहीत असलेला बिंदू) १००.०००, बॅकसाइट (त्यावर घेतलेलं पहिलं रीडिंग) १.४८५. दोन्हींची बेरीज म्हणजे एचआय.

१०० एंटर १.४८५ + → १०१.४८५
एंटर एंटर एंटर

मग रीडिंग:

१.३२० − → १००.१६५
सीएलएक्स १.७६५ − → ९९.७२०
सीएलएक्स २.१०५ − → ९९.३८०
सीएलएक्स ०.९४० − → १००.५४५
सीएलएक्स १.६१० − → ९९.८७५

पहिल्या रीडिंगला सीएलएक्स नको, कारण आत्ताच एंटर दाबला आहे. दाबलं तरी चालतं.

शेवटचं १.६१० फोरसाइट (उपकरण हलवण्याआधीचं शेवटचं रीडिंग) आहे, तिथं चेंज पॉइंट, म्हणजे उपकरण हलवण्याआधी आणि नंतरही ज्यावर रीडिंग घेतात तो बिंदू. उपकरण हलवलं, नवी बॅकसाइट १.२५५. समोर ९९.८७५ आहेच, म्हणून सगळे सरळ दाबतात: १.२५५ + → १०१.१३०. नवा एचआय बरोबर आला. आणि इथंच हात पुढच्या रीडिंगकडं धावतो.

थांबा. नवा एचआय फक्त एक्समध्ये आहे. वरच्या तिन्ही मजल्यांवर अजून जुना १०१.४८५ बसलेला आहे. पुढचं रीडिंग १.४०० टाकून − दाबलंत तर ९९.७३० येईल आणि ते बरोबर आहे. म्हणून शंका येत नाही. त्याच्या पुढं सीएलएक्स १.५०० − केलंत की ९९.९८५ येतं. यायला हवं होतं ९९.६३०. जुन्या आणि नव्या एचआयमधला ०.३५५चा फरक तिथून पुढं प्रत्येक आरएलमध्ये घुसतो. गटाराच्या उतारात ०.३५५ मीटर म्हणजे पाणी उलटं वाहील.

भाच्याची वही नेमकी अशीच होती. चेंज पॉइंटच्या पुढचं एक उत्तर बरोबर, बाकी सगळी एकसारखी चूक. एकसारख्या फरकाची चूक दिसली की स्टॅकमध्ये जुना आकडा राहिला असं बेलाशक समजा.

उपाय सोपा: प्रत्येक नव्या एचआयनंतर पुन्हा एंटर एंटर एंटर. मी फील्डबुकमध्ये चेंज पॉइंटच्या ओळीसमोर शिसपेन्सिलीनं तीन टिंबं देतो. तिन्ही एंटर दाबल्यावर त्यावर काट मारायची. बालिश वाटेल, पण उन्हात दुपारी दोन वाजता तीच टिंबं वाचवतात.

पडताळा: बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज, ही शेवटचा आरएल वजा पहिला आरएल याएवढी यायला हवी. आपल्या पहिल्या टप्प्यात १.४८५ − १.६१० = −०.१२५, आणि ९९.८७५ − १००.००० = −०.१२५. पण हा पडताळा फक्त चेंज पॉइंटची साखळी तपासतो. मधल्या रीडिंगचे आरएल चुकले तरी तो "जुळलं" म्हणतो. म्हणून प्रत्येक टप्प्यातलं तिसरं मधलं रीडिंग तरी कागदावर हातानं वजा करून बघा.

## ६. भागाकाराला उलटं होतं

चौरस फुटांचे गुंठे करायचे आहेत. प्लॉट १२०० चौरस फुटांचा. १०८९ चारही मजल्यांवर भरून १२०० ÷ दाबलंत तर ०.९०७५ येतं. वाय भागिले एक्स, म्हणजे १०८९ भागिले १२००. आकडा इतका शहाण्यासारखा दिसतो की तीस-चाळीसचा प्लॉट गुंठ्याहून लहान आहे असं लोक छातीठोकपणे सांगतात. तो गुंठ्याहून मोठा आहे: १.१०१९.

दोन वाटा आहेत. प्रत्येक वेळी ÷ दाबण्याआधी एक्स-वाय अदलाबदलीची कळ दाबा. किंवा सुरुवातीलाच उलटा आकडा करून भरा, पुढं नुसता गुणाकार:

१०८९ १/एक्स एंटर एंटर एंटर
१२०० × → १.१०१९
सीएलएक्स १५०० × → १.३७७४
सीएलएक्स २४०० × → २.२०३९

मी दुसरीच वाट धरतो. दर ओळीला एक जादा कळ म्हणजे दर ओळीला चुकायची एक जादा संधी.

भागाकार भरण्याआधीच संपवून टाकणं बहुतेक ठिकाणी जमतं. राउंड बारचं वजन काढताना व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो, हे शॉपमध्ये सगळ्यांना पाठ असतं. २५ मिलिमीटरच्या बारला २५ एंटर × १६२ ÷ करून ३.८५८० आलं की मग तीन एंटर. पुढं लांबी टाकत जा: २.४ × → ९.२५९, सीएलएक्स ३.१५ × → १२.१५३. व्यास बदलला की पुन्हा भरणं आलंच, चेंज पॉइंटसारखं.

## ७. मध्येच काही निराळं करायचं असेल तर

रीडिंगमध्ये दुरुस्ती करून मग वजा करायचंय, किंवा दोन तुकड्यांची बेरीज करून मग गुणायचंय. सीएलएक्स दाबून स्टॅकवरच करा: सीएलएक्स १२ एंटर १५ + ×. बारा आणि पंधराची बेरीज होऊन तिला स्थिर आकड्यानं गुणलं जातं, वरचा साठा शाबूत.

मर्यादा एवढीच: एका वेळी तीनपर्यंत आकडे चळतीत उभे राहिले तर टी वाचतो. चौथा उभा केलात की स्थिर आकडा बाहेर पडतो आणि मग कितीही + दाबले तरी परत येत नाही. तीनहून जास्त लागत असतील तर आधी स्थिर आकडा एखाद्या खात्यात टाकून ठेवा (एसटीओ १), काम संपल्यावर आरसीएल १, आणि पुन्हा तीन एंटर.

चुकीची क्रिया दाबली गेली, म्हणजे −च्या जागी +, तर मागं जाण्यासाठी धडपडू नका. स्थिर आकडा तिन्ही मजल्यांवर आहे. सीएलएक्स, आकडा पुन्हा, बरोबर कळ.

थांबा: सीएलएक्स आणि पूर्ण स्टॅक पुसणारी कळ वेगळी. १२सीवर एफ-रेग आणि फ्री४२मध्ये सीएलएसटी हे सगळं झाडून नेतात. रेग तर साठवलेली बेरीजही नेतो.

यंत्र बंद करून चालू केलं तरी चळत तशीच राहते. सोय आहे आणि धोकाही. जेवून आल्यावर आर-बाण चार वेळा फिरवून बघा, मगच पुढं जा.

## ८. उत्तरालाच पुन्हा तो आकडा लावायचा असेल तर

इथं सीएलएक्स नको. दर साल ८ टक्के चक्रवाढ, मुद्दल १०,०००:

१.०८ एंटर एंटर एंटर १०००० × × ×

१०,८००, ११,६६४, १२,५९७.१२. एकेका × ला एकेक वर्ष. किती वेळा दाबलं हे मोजायचं काम मात्र तुमचं, यंत्र सांगत नाही. पाच वर्षांच्या पुढं असेल तर घाताची कळ वापरा, मोजणीत माणूस चुकतोच.

## ९. "=" असलेला कॅसिओ असेल तर

यात असा टी नाही. स्थिर आकडा ए, बी अशा अक्षराच्या खात्यात ठेवायचा. एफएक्स-८२एमएसवर १.०११७१४१ शिफ्ट एसटीओ ए, मग २७ × अल्फा ए =. पुढच्या वेळी डावीकडच्या बाणानं तीच ओळ उघडून फक्त २७चे ३५ करा. अंक बदलताना जुना एखादा अंक मागं राहून ३५७ होत नाही ना, ते बघा.

सीएलएक्स विसरण्याची चूक इथं दुसऱ्या रूपात भेटते. उत्तर समोर असताना थेट × ३५ दाबलं की यंत्र स्वतःहून पुढं अॅन्स लावतं, म्हणजे मागच्या उत्तरालाच ३५नं गुणतं. चक्रवाढीला हेच सोयीचं: १०००० =, मग × १.०८ =, = , =. बाकी ठिकाणी आधी एसी दाबा.

बेरीज एममध्ये. सुरू करण्याआधी ० शिफ्ट एसटीओ एम. एसी दाबून किंवा यंत्र बंद करून एम जात नाही. कालची बेरीज आजच्या बेरजेत मिसळण्याचं कारण निम्म्या वेळा हेच. २७ × ए टाकून थेट एम+ दाबलं की उत्तरही दिसतं आणि जमाही होतं. शंका आली म्हणून एम+ दुसऱ्यांदा दाबलं की पुन्हा जमा होतं.

एफएक्स-९९१एमएस किंवा ९९१ईएस प्लस हाताशी असेल तर कॅल्क कळ वापरा. ८२एमएसला ती नाही. १०१.४८५ − एक्स असं लिहा (एक्स म्हणजे अल्फा आणि बंद कंसाची कळ), कॅल्क दाबा. यंत्र एक्स विचारतं, १.३२० =, उत्तर १००.१६५. पुन्हा = किंवा कॅल्क, पुढचं रीडिंग. चेंज पॉइंट आला की एसी दाबून नव्या एचआयनं ओळ पुन्हा लिहा. जुन्या ओळीत आकडा बदलायला जाऊ नका, १०१.४८५चे १०१.१३० करताना एखादा अंक तसाच राहतो. इथं निदान एक बरं आहे: एचआय स्क्रीनवर डोळ्यांसमोर असतो, वरच्या मजल्यावर दडून बसत नाही.

आणि "एसटीके एरर" दिसला तर घाबरून बॅटरी काढू नका. कॅसिओच्या आतही तात्पुरते आकडे ठेवायला चळत असते, ८२एमएसमध्ये आकड्यांसाठी १० पातळ्यांची आणि क्रियांसाठी २४ पातळ्यांची. कंसात कंस घालत गेलात की ती भरते. गणिताचे दोन तुकडे करा, पहिल्याचं उत्तर बीमध्ये ठेवा, दुसऱ्यात बी वापरा.